कुणाच्याच पाढ्यात न येणाऱ्या संख्या

सहावीच्या चाचणीत प्रश्न होता: ८० ते १०० मधल्या मूळ संख्या लिहा. मी लिहिल्या ८३, ८९, ९१, ९७. पेपर परत मिळाला तेव्हा ९१ वर लाल फुली होती आणि अर्धा गुण गेला होता. घरी आजीनं पेपर हातात घेतला. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं, 'मूळ संख्या' हा शब्द तिच्या वेळच्या पुस्तकात होता की नाही कोण जाणे. फुलीकडे बघून ती एवढंच म्हणाली, "अगं, तेरा साते एक्याण्णव."

तिला तीसपर्यंतचे पाढे पाठ होते, आम्ही मुलं बाराच्या पुढे अडखळायचो. ९१ सगळ्यांना फसवते ती एवढ्यामुळेच. दोन, तीन, पाच यांच्या पाढ्यांत ती नाही, सातच्या पाढ्यात आहे पण 'सात दाहे सत्तर'च्या पुढे, जिथे आपण थांबलेलो असतो. तशाच आणखी काही आहेत: ५१ म्हणजे सतरा त्रिक, ५७ म्हणजे एकोणीस त्रिक, ८७ म्हणजे एकोणतीस त्रिक. दिसायला मूळ, आतून संयुक्त.

पुस्तकातली व्याख्या अशी: १ पेक्षा मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती संख्या स्वतः असे दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या. व्याख्या अचूक आहे, पण तिच्यातून चित्र उभं राहत नाही. आजीच्या भाषेत ती अशी होईल: २ पासून पुढचे सगळे पाढे म्हणत जा. जी संख्या स्वतःच्या पाढ्याची पहिली ओळ सोडून दुसऱ्या कुठल्याच पाढ्यात सापडत नाही, ती मूळ. १३ 'तेरा एके तेरा'मध्ये भेटते, बाकी कुठेच नाही. १२ मात्र दोनच्या, तीनच्या, चारच्या आणि सहाच्या पाढ्यात हजेरी लावून जाते.

हात वापरायचे असतील तर चिंचोके घ्या. बारा चिंचोके जमिनीवर आयतात मांडा. तीन ओळींत चार-चार बसतात, दोन ओळींत सहा-सहा बसतात. आता त्यात एक चिंचोका वाढवा. दोन ओळी केल्या तर एक उरतो, तीन केल्या तर एक उरतो, चार केल्या तरी एकच उरतो. पाच ओळी केल्या तर तीन उरतात, सहा केल्या तर पुन्हा एक. शेवटी वैतागून तेराही चिंचोके एका लांब रांगेत मांडावे लागतात. ज्या ढिगाचा एकेरी रांगेशिवाय दुसरा आयत होत नाही, त्या ढिगाची संख्या मूळ. यात एक गोष्ट लक्षात येते. मूळ असणं हा रंग किंवा वजन यांसारखा, बघताक्षणी दिसणारा गुण नाही. ते एक 'न जमणं' आहे. आणि एखादी गोष्ट जमत नाही हे सिद्ध करायला सगळे प्रयत्न करून बघावे लागतात, किंवा मग काही तरी युक्ती लागते. पुढची सगळी कहाणी त्या युक्तीची आहे.

त्याआधी दोन शंका मिटवू, कारण त्या दरवर्षी वर्गात येतात. पहिली, २ सम असून मूळ कशी? यात नवल काहीच नाही. २ ने भाग जाणारी मूळ संख्या एकच, तशी ३ ने भाग जाणारी मूळ संख्याही एकच आणि ५ ने भाग जाणारीही एकच. फक्त '२ ने भाग जाणारी' याला आपण 'सम' असं खास नाव ठेवलंय, म्हणून ती वेगळी वाटते.

दुसरी शंका जास्त खोल आहे: १ मूळ का नाही? एका चिंचोक्याचीही एकच रांग होते की! इथे 'मूळ' हा शब्द उपयोगी पडतो. हिंदीत यांना 'अभाज्य' म्हणतात, म्हणजे भाग न जाणाऱ्या. मला मराठी शब्द जास्त बरा वाटतो, कारण या संख्या नेमकं काय करतात ते तो सांगतो: बाकीच्या सगळ्या संख्यांचं मूळ त्यांच्यात असतं. ६० घ्या. कुणी ६ × १० असं फोडेल, कुणी ४ × १५ असं. दोघांनी फोडत राहावं, शेवटी दोघांच्या हातात तेच येतं: २ × २ × ३ × ५. दोन २, एक ३, एक ५. यापेक्षा वेगळा संच निघतच नाही. सवयीमुळे आपल्याला हे उघड वाटतं, पण ते सिद्ध करावं लागतं. जर्मन गणितज्ञ गाऊसनं १८०१ च्या आपल्या ग्रंथात ते स्पष्ट मांडून सिद्ध केलं. आता १ ला मूळ म्हणून आत घेतलं तर? ६० = १ × २ × २ × ३ × ५, किंवा १ × १ × २ × २ × ३ × ५, हवे तेवढे एक चिकटवा. 'एकच संच' ही सगळी शिस्त मोडते. म्हणून १ ला दाराबाहेर ठेवलंय. ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही. हा नियम काही अनादी काळापासून नव्हता. अमेरिकेतल्या डी. एन. लेमर यांनी १९१४ मध्ये १ कोटीच्या पुढेपर्यंतच्या मूळ संख्यांची जाडजूड यादी छापली, तिची सुरुवात १ पासूनच होते. तेव्हा १ मूळ नसणं हा सोयीसाठी केलेला करार आहे, पण सोय मोठी आहे.

आता मूळ संख्या शोधायच्या कशा? जुन्यात जुनी रीत इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातली, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख इराटोस्थेनिस याच्या नावावर आहे. पृथ्वीचा परीघ सावल्यांवरून मोजणारा तोच हा. त्याची रीत म्हणजे चाळणी. १ ते १०० लिहा, १ खोडा. २ ठेवा आणि दोनच्या पाढ्यातल्या पुढच्या सगळ्या खोडा. मग ३ ठेवून तीनच्या, ५ ठेवून पाचच्या, ७ ठेवून सातच्या. थांबा. चाळणीत २५ संख्या उरतात आणि त्या सगळ्या मूळ असतात.

सातलाच का थांबायचं, हे मात्र अनेकांना सांगितलं जात नाही. चिंचोक्यांकडे परत या. १०० चिंचोक्यांचा चौरस १० × १० चा. आयत कसाही मांडा, त्याच्या दोन बाजूंपैकी एक तरी १० किंवा त्याहून लहान असणारच. दोन्ही बाजू १० पेक्षा मोठ्या झाल्या तर चिंचोके १०० च्या वर जातील. म्हणून १०० पर्यंतच्या प्रत्येक संयुक्त संख्येला १० पर्यंतचा एखादा मूळ अवयव असतोच, आणि असे चारच आहेत: २, ३, ५, ७. थोडक्यात, मूळ संख्या ओळखायला वर्गमुळापर्यंतच जावं लागतं. ९७ ला या चौघांनी भाग जात नाही, म्हणजे ती मूळ. ११३ चं वर्गमूळ ११ च्या आतलं, तेव्हा तिलाही हे चौघेच पुरतात. सहावीत मला एवढं कुणी सांगितलं असतं तर ९१ ला ७ नं भागून बघण्यापुरतंच काम होतं.

या संख्या कधी संपतात का? नाही. ग्रीक गणितज्ञ युक्लिडनं इसवीसनापूर्वी ३०० च्या सुमारास याची सिद्धता दिली. तुमच्याकडे मूळ संख्यांची 'पूर्ण' यादी आहे असं समजा. त्या सगळ्यांचा गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा. या नव्या संख्येला यादीतल्या कुणीही भागलं तरी बाकी १ उरणार. म्हणजे तिचा मूळ अवयव यादीबाहेरचा आहे, यादी अपुरी होती. इथे एक गफलत फार होते. मिळालेली संख्या स्वतः मूळ असते, असं बरेच जण समजतात. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ मध्ये १ मिळवून बघा. ३०,०३१ येतात, आणि ते ५९ × ५०९ आहेत. नव्या मूळ संख्या मिळाल्या खऱ्या, पण पोटातून.

त्या येतात मात्र कशाही. ११४ पासून १२६ पर्यंत ओळीनं १३ संख्या संयुक्त आहेत, मग १२७ मूळ. कुठे १०१, १०३ अशा शेजारी-शेजारी भेटतात, त्यांना जोडमूळ म्हणतात. एखादं सूत्र हाती लागल्यासारखं वाटतं आणि निसटतं. स्विस गणितज्ञ ऑयलरनं दाखवलेलं एक प्रसिद्ध आहे: एखादी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, तीच संख्या पुन्हा मिळवा, वर ४१ मिळवा. ० पासून ३९ पर्यंत काहीही घेतलं तरी उत्तर मूळ येतं. सलग ४० वेळा! ४० घेतले की १६८१ येतात, म्हणजे ४१ × ४१. चाळीस उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता मोठ्या संख्यांकडे. फ्रान्समधला मरसेन नावाचा धर्मगुरू गणिताचा नादी होता. २ चा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा, अशा संख्यांकडे त्याचं लक्ष होतं. २ चा ५ वा घात ३२, वजा १ म्हणजे ३१, मूळ. ७ वा घात १२८, वजा १ म्हणजे १२७, मूळ. ११ वा घात मात्र दगा देतो: २०४७ = २३ × ८९. मरसेननं १६४४ मध्ये २५७ पर्यंतचे कोणते घात मूळ संख्या देतात याची यादी दिली, आणि तिच्यात ६७ होता. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या अशी: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंक. हातानं कोण तपासणार? यादी दोनशेहून जास्त वर्षं तशीच राहिली.

१८७६ मध्ये एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानं दाखवलं की ६७ व्या घाताची ही संख्या मूळ नाही. पण तिचे अवयव कोणते, ते त्याला सांगता आलं नाही. ते समोर यायला १९०३ उजाडलं. ऑक्टोबरच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक होती. फ्रँक नेल्सन कोल व्यासपीठावर गेले. गोष्ट अशी सांगतात की, त्यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला गुणाकार मांडला: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. उत्तर तेच आलं. कोल खाली बसले, सभेनं टाळ्या वाजवल्या. हे शोधायला किती वेळ लागला, यावर त्यांचं उत्तर होतं, तीन वर्षांचे रविवार. त्यांनी बऱ्याच युक्त्या वापरल्या होत्या. नुसती विषम संख्यांनी भागत जायची रीत धरली असती आणि सेकंदाला एक भागाकार केला असता, तर लहान अवयवापर्यंत पोचायला रात्रंदिवस तीन वर्षं लागली असती, रविवार-सोमवार न बघता.

या गोष्टीत टाळ्या कोलना मिळतात, पण मला जास्त चकित करतो तो ल्यूका. अवयव हातात नसताना 'ही मूळ नाही' असं तो छातीठोकपणे कसं म्हणाला? एकही आयत न मांडता 'या चिंचोक्यांचा आयत होतो' असं सांगण्यासारखंच ते. ल्यूकाची रीत खास मरसेनच्या संख्यांसाठी होती. तिच्याहून जुनी आणि सोपी युक्ती १६४० मध्ये फ्रेंच गणितज्ञ फर्मानं सांगितलेली आहे, आणि ती दसऱ्याच्या झेंडूवर समजावता येते.

केशरी आणि पिवळी अशा दोन रंगांच्या फुलांतून पाच फुलांची माळ ओवायची आहे. दोऱ्यात फुलं ओळीनं घालताना प्रत्येक जागी दोन पर्याय, म्हणून एकूण माळा २ × २ × २ × २ × २ = ३२. त्यातली एक पूर्ण केशरी आणि एक पूर्ण पिवळी, त्या बाजूला ठेवा. उरल्या ३० मिश्र माळा. आता कोणतीही मिश्र माळ घ्या, दोऱ्याची टोकं बांधून गोल करा आणि एक-एक फूल सरकवत फिरवा. एक केशरी, चार पिवळी असतील तर केशरी फूल पहिल्या जागेवरून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या जागी जातं आणि मग मूळ जागी येतं. म्हणजे एका गोल माळेतून पाच वेगवेगळ्या सरळ माळा निघाल्या. प्रत्येक मिश्र माळेचं असंच होतं. तेव्हा ३० माळांचे पाच-पाचचे गट पडले, काही उरलं नाही. ३० ला ५ नं भाग गेला.

हेच सहा फुलांचं करून बघा. ६४ माळा, दोन एकरंगी वगळून ६२. केशरी-पिवळी-केशरी-पिवळी-केशरी-पिवळी ही माळ घ्या. दोन फुलं सरकवली की ती पुन्हा जशीच्या तशी! तिचा गट सहाचा नाही, दोनचाच. सहा फुलांचे दोन-दोनचे सारखे तुकडे पडतात, तीन-तीनचेही पडतात, म्हणून नक्षी मध्येच पुन्हा सुरू होऊ शकते. ६२ ला ६ नं भाग जात नाही. पाच फुलांच्या माळेचे सारखे तुकडेच पडत नाहीत, पाचही फुलं सुटी केल्याशिवाय. म्हणून तिथे नक्षी मध्ये उलटत नाही. मूळ असण्याचा अर्थ इथे पुन्हा तोच, आयत न जमणं, फक्त दोऱ्यात ओवलेला.

यातून परीक्षा मिळते. संख्या मूळ असेल तर २ चा तेवढा घात काढून २ वजा केल्यावर तिनं नि:शेष भाग जायलाच हवा. म्हणजे २ पेक्षा मोठ्या मूळ संख्येनं त्या घाताला भागलं की बाकी २ च उरली पाहिजे. आता आपल्या ९१ ला या परीक्षेला बसवू. २ चा ९१ वा घात अवाढव्य आहे, पण तो पूर्ण काढायची गरज नाही, बाकी तेवढी सांभाळायची. २ चा १२ वा घात ४०९६. ९१ × ४५ = ४०९५. म्हणजे बाकी १. मग १२ चे सात गठ्ठे केले तरी, ८४ व्या घातालाही, बाकी १ च. ९१ मधले ८४ गेले, उरले ७. २ चा ७ वा घात १२८, त्यातून ९१ गेले, बाकी ३७. हवी होती २, आली ३७. तेव्हा ९१ मूळ नाही.

वरच्या हिशोबात ७ कुठे आला? घात म्हणून आला, पण अवयव म्हणून नाही. तेराचा तर उल्लेखही झाला नाही. 'तेरा साते' न म्हणता आपण ९१ ला पकडलं. आजीला हे दाखवलं असतं तर तिनं म्हटलं असतं, एवढा उपद्व्याप कशाला, पाढा म्हण की! ९१ साठी तिचंच बरोबर. तीनशे अंकी संख्येचा पाढा मात्र कुणालाच येत नाही.

या परीक्षेत एक भोक आहे. ३४१ घ्या. २ चा १० वा घात १०२४, आणि ३४१ × ३ = १०२३, बाकी १. म्हणून ३४० व्या घातालाही बाकी १, ३४१ व्याला बाकी २. पास! पण ३४१ = ११ × ३१. नापास होणारी संख्या नक्की संयुक्त असते, पास होणारी मात्र नक्की मूळ असेलच असं नाही. पुढे यात सुधारणा झाल्या. २ ऐवजी वेगवेगळ्या संख्या घेऊन परीक्षा कडक केली की फसण्याची शक्यता नगण्य होते. शंभर टक्के खात्रीची, सगळ्या संख्यांना लागू होणारी आणि तरीही झटपट अशी रीत असू शकते का, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. ऑगस्ट २००२ मध्ये त्याचं उत्तर कानपूरच्या आयआयटीतून आलं. मणींद्र अग्रवाल आणि त्याच वर्षी बी.टेक. झालेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी अशी रीत दिली. तिचं बीज फर्माच्याच नियमात आहे. गंमत म्हणजे रोजच्या वापरात आजही ती नसते, 'नगण्य शंका' ठेवणारी जुनी रीत जास्त वेगवान पडते.

ल्यूकाची रीत पुढे डी. एच. लेमर यांनी सुधारली. १ पासून यादी सुरू करणाऱ्या त्या लेमरांचे हे चिरंजीव. त्याच रीतीनं आज सर्वांत मोठ्या मूळ संख्या पक्क्या केल्या जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली संख्या २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ अशी आहे. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. एका पानावर ३,००० अंक बसवले तरी साडेतेरा हजारांहून जास्त पानं लागतील. व्यवहारात तिचा उपयोग जवळजवळ शून्य.

उपयोग आहे तो त्याहून कितीतरी लहान, तीनशे-सव्वातीनशे अंकी संख्यांचा. १९७७ मध्ये एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी संदेश गुप्त ठेवायचं एक कुलूप बनवलं, त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात. डिजिटल सहीमागे अनेकदा तेच असतं. त्याची किल्ली बनवताना संगणक साधारण ३०९ अंकी संख्या यादृच्छिक निवडतो आणि तिची मघासारखी परीक्षा घेतो. नापास झाली की दुसरी. एवढ्या मोठ्या संख्यांत सरासरी सातशेत एक मूळ निघते, सम संख्या आधीच गाळल्या तर साडेतीनशेत एक. त्यामुळे क्षणभरात दोन मूळ संख्या हाती येतात. त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा, त्या दोघी मात्र लपवायच्या. कुलूप उघडायला त्या लागतात, आणि गुणाकारावरून त्यांच्यापर्यंत परत जायची झटपट वाट कुणाला माहीत नाही.

'मूळ आहे का?' आणि 'अवयव कोणते?' हे दोन प्रश्न आपल्याला शाळेत एकच वाटतात, कारण शाळेतल्या संख्यांना ते खरंच एकच असतात. ल्यूका आणि कोल यांच्यातली २७ वर्षं म्हणजे त्या दोन प्रश्नांमधलं अंतर. आपलं कुलूप त्या अंतरावर उभं आहे. २५० अंकी एक संख्या २०२० मध्ये फोडली गेली, त्यासाठी संगणकांचा मोठा ताफा राबला. आरएसए-२०४८ नावाची ६१७ अंकी संख्याही जाहीर आहे, तिच्यावर २ लाख डॉलरचं बक्षीस होतं आणि २००७ मध्ये ती स्पर्धा बंद झाली. संख्या इंटरनेटवर आहे, कुणीही उतरवून घ्यावी. ती संयुक्त आहे हे साध्या लॅपटॉपवर लगेच तपासता येतं. ती कुठल्या दोन पाढ्यांत येते, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.